कॅन्सरच्या आधी काय असतं? डॉ. खानोलकरांनी मुंबईत मांडलेलं कोडं आणि ते गेल्यावर सापडलेलं उत्तर

गोंदिया स्टेशनवरून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला पोहोचते. या गाडीत कॉलेजची पोरं असतात, लग्नाला निघालेली कुटुंबं असतात आणि हातात प्लास्टिकची मोठी पिशवी घेतलेली काही माणसंही असतात. पिशवीत एक्स-रे, रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या. कुठे निघालात असं विचारलं तर ‘टाटाला’ एवढंच उत्तर येतं. त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्यातल्या बऱ्याच बायकांच्या फायलीवर जे निदान असतं त्याला आपल्याकडे सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात. अनेकदा तो गर्भपिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर असतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार जणी त्याने दगावल्या. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, पण हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. त्याच्या आधी दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त, तिथल्या पेशींत हळूहळू बदल होत असतात. ते दिसतात, ओळखता येतात आणि काढूनही टाकता येतात. हे बदल एका विषाणूमुळे होतात, हे आज आपल्याला माहीत आहे.

ते कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा परळच्या त्याच टाटा हॉस्पिटलमध्ये एक मराठी डॉक्टर एक कोडं घेऊन बसले होते. हा कॅन्सर काही समाजांतल्या बायकांना जास्त होतो आणि काहींना कमी, असं का? त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. वैद्यकीय वर्तुळात त्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात. बाहेर मात्र त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

काचपट्टीवरचा डॉक्टर

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या कुटुंबातला. आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीची आठवण करून देणारं. शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी झाले.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपल्याला पॅथॉलॉजी म्हटलं की रक्त-लघवी तपासणारी लॅब आठवते. पण या डॉक्टरांचं खरं काम असतं शरीरातला तुकडा घेऊन, त्याचे कागदाहून पातळ काप करून, त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे शेवटी तेच ठरवतात. पेशंटला ते बहुतेक वेळा दिसतही नाहीत. त्या काळात हुशार डॉक्टरने सर्जन व्हावं, दवाखाना थाटावा, गाडी घ्यावी अशी रीत होती. लंडनहून एमडी होऊन आलेल्या माणसाने काचपट्ट्यांवर आयुष्य काढायचं ठरवणं तसं विचित्रच.

परत आल्यावर त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज इथे प्राध्यापक म्हणून शिकवलं. मग २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. वय ४५. त्यांचं खरं काम इथून पुढे सुरू झालं.

धोतर, खैनी आणि बिडी

टाटामध्ये देशभरातून पेशंट येत होते. पंजाबी, तेलुगू, बिहारी, गुजराती, मराठी. पारशी, मुसलमान, ख्रिश्चन आणि हिंदूंमधल्या असंख्य जाती. एका छताखाली एवढा वेगवेगळा समाज जगातल्या कुठल्याच कॅन्सर हॉस्पिटलात येत नसेल. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला ही कटकट वाटली असती. खानोलकरांना त्यात प्रयोगशाळा दिसली. माणसं वेगळी, सवयी वेगळ्या, मग कॅन्सरच्या जागाही वेगळ्या आहेत का?

१९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता रोजच्या चालीरीती आणि कॅन्सर यांचा संबंध, आणि त्यात भारतातले तीन नवे प्रकार मांडले होते. त्यातला एक खैनीचा. चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत जिथे ठेवतात, नेमका तिथेच होणारा. दुसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट गाठ, घाम, घर्षण, आधी कातडीचा रंग जातो, मग जखम होते, ती भरत नाही आणि काहींच्या बाबतीत तिचा कॅन्सर होतो. ऐकून विश्वास बसत नसेल तर सांगते, २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीमुळे कमरेवर झालेल्या अशाच कॅन्सरबद्दल लिहिलं तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. धोतराची गोष्ट त्याच्या जवळपास ऐंशी वर्षं आधीची.

पुढे १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला. गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. तेंदूपत्त्याचा हंगाम आला की आजही इथली गावंच्या गावं पहाटे जंगलात असतात, आणि बिडी वळून मुलं शिकवलेल्या बायका आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत आहेत. त्यांच्यावर बोट ठेवणं हा इथे हेतू नाही. पण बिडी ओढणाऱ्यांचं काय होतं, हे या देशात आकडे घेऊन तपासणाऱ्या पहिल्या काही माणसांत खानोलकर होते, एवढं नोंदवायला हवं.

गर्भाशयमुखाचं कोडं

तंबाखूचं गणित तुलनेने सोपं होतं. तंबाखू जिथे लागते तिथे कॅन्सर होतो. गर्भाशयमुखाचं काय? तिथे बाई काय ठेवते?

टाटाच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. हा कॅन्सर हिंदू बायकांमध्ये सगळ्यात जास्त, मुस्लिम बायकांमध्ये कमी आणि पारशी बायकांमध्ये तर फारच कमी. उलट स्तनाचा कॅन्सर पारशी बायकांमध्ये जास्त. पुरुषांच्या लिंगाचा कॅन्सर हिंदूंमध्ये दिसायचा, मुसलमानांमध्ये जवळपास नाहीच. शहर एक, हवा एक, पाणी एक, हॉस्पिटलही एकच. १९५० मध्ये भारतातल्या कॅन्सरचा आढावा घेताना खानोलकरांनी हे फरक जगासमोर ठेवले.

प्रश्न अगदी नवा नव्हता. १८४२ मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्यूनोंदी चाळून रिगोनी-स्टर्न नावाच्या डॉक्टरने दाखवलं होतं की गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांना होतो, जोगिणींना क्वचितच. म्हणजे याचा लग्नाशी, शरीरसंबंधाशी काहीतरी धागा आहे, हा संशय शंभर वर्षं जुना होता. मुंबईच्या आकड्यांनी त्यात सुंता, लग्नाचं वय, बाळंतपणांची संख्या आणि स्वच्छता हे मुद्दे आणले. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या अर्न्स्ट वाइंडर यांच्या गटाने याच विषयावर मोठा अभ्यास केला तेव्हा त्यात भारतातल्या पेशंटही घेतल्या.

फरक रक्तातला असेल की राहणीतला? एकेका जातीत पिढ्यानपिढ्या आपसांतच लग्नं होतात, तेव्हा रक्तही वेगळं असू शकतं. हेही तपासायला हवं होतं. संघवींबरोबर खानोलकरांनी मुंबईतल्या आपसांत लग्न करणाऱ्या सहा समाजांचे सात आनुवंशिक गुण मोजले आणि १९४९ च्या सुमारास ते लंडनच्या एका नियतकालिकात छापले. भारतातल्या मानवी आनुवंशिकीच्या सुरुवातीच्या कामांत ते मोजलं जातं.

इथे थोडं थांबून माझं मत सांगते. असे अभ्यास आज वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. जात-धर्माचे तक्ते, कोणाच्या बायका किती, कोणाच्या किती. पुढे या आकड्यांतून लोकांनी काढलेला अर्थही वाईट होता. लवकर शरीरसंबंध, अनेक संबंध, अस्वच्छता असे शब्द पेपरात आले आणि डॉक्टरांच्या खोलीत ते बाईच्या चारित्र्यावर जाऊन बसले. आजही खेड्यात बाई अंगावरून जाण्याबद्दल बोलत नाही, त्यामागे हीच भीती असते. खानोलकरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. त्यांना कोणाला दोष द्यायचा नव्हता, टाळता येईल असं कारण शोधायचं होतं. ज्या गोष्टीचं प्रमाण समाजानुसार बदलतं ती दैवाची नसते, ती बदलता येते, हे त्यांचं साधं तर्कशास्त्र होतं.

रोग दिसायच्या आधीचा रोग

खानोलकरांच्या कामात आणखी एक धागा सतत दिसतो. त्यांना पूर्ण वाढलेल्या रोगापेक्षा त्याच्या सुरुवातीत जास्त रस होता.

कुष्ठरोगाचं उदाहरण घ्या. चट्टा दिसला, बोटं झडली की कुष्ठरोग कोणीही सांगेल. त्यांनी अगदी सुरुवातीच्या कुष्ठरोगात कातडीच्या आत काय दिसतं, याचा अभ्यास केला आणि १९५१ मध्ये त्यावर अहवाल दिला. तोंडाच्या कॅन्सरबाबतही तेच. कॅन्सरच्या आधी काहींचा गाल आतून पांढरट, ताठर होतो, तोंड उघडत नाही. गुटख्यामुळे आज हे आपल्याकडे विशीतल्या पोरांत दिसतं. सत्यवती सिरसाट या त्यांच्या शिष्येबरोबर त्यांनी उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य लावून हा बदल घडतो का, हे तपासलं. १९६० मध्ये ते काम छापून आलं.

गर्भाशयमुखाचंही नेमकं असंच असतं. हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे.

गर्भाशयाचं तोंड जिथे योनीमार्गात उघडतं तिथे दोन प्रकारच्या पेशींची सीमारेषा असते. या सीमेवरच्या पेशी सतत बदलत असतात आणि म्हणून नाजूक असतात. तिथे विषाणू शिरला आणि टिकून राहिला, तर पेशींची रचना बिघडायला लागते. थर नीट न लागलेल्या विटांसारखा दिसतो. बिघाड खालच्या थरापुरता असेल तर तो सौम्य आणि बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पूर्ण जाडीत पसरला तर तो गंभीर. तरीही तो अजून कॅन्सर नसतो. पेशी आपली हद्द ओलांडून खाली घुसल्या की मग कॅन्सर म्हणतात. या सगळ्या काळात बाईला काहीही होत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही. म्हणूनच त्रास झाला तर जाईन, हे इथे चालत नाही.

गंभीर बिघाड तसाच सोडला तर काय होतं? याचं उत्तर न्यूझीलंडमधून आलं, आणि ते फार क्लेशकारक आहे. ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात १९६० आणि ७० च्या दशकांत काही बायकांना त्यांच्या नकळत पुरेसे उपचार न देता नुसतं लक्षात ठेवलं गेलं. त्यांतल्या साधारण ३१ टक्के बायकांना ३० वर्षांत कॅन्सर झाला. उपचार नीट मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास होतं.

असेच बदल योनीमार्गात आणि बाहेरच्या भागातही होतात, पण ते बरेच दुर्मीळ. दुर्मीळ म्हणून ते सुटतातही. बाहेरच्या भागात महिनोन्महिने खाज, पांढरा किंवा गडद चट्टा, न भरणारी जखम असेल तर मलम बदलत बसण्यापेक्षा तुकडा तपासायला सांगावा. आणि आपल्याकडच्या बायकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. पिशवी काढली म्हणजे सुटले, असा समज घराघरांत आहे. पण पिशवी काढण्याआधी गर्भाशयमुखावर गंभीर बदल असतील, तर पुढे योनीमार्गाच्या वरच्या टोकाला तसेच बदल होऊ शकतात. अशा बायकांनी ऑपरेशननंतरही तपासणी चालू ठेवायची असते. हे किती जणींना सांगितलं जातं, देव जाणे.

हे बदल बाहेरून ओळखायची पहिली सोपी युक्ती न्यूयॉर्कमधल्या जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरने काढली. झडलेल्या पेशी काचेवर पसरायच्या आणि बघायच्या. तीच पॅप तपासणी. त्यांचा आणि हर्बर्ट ट्रॉट यांचा गाजलेला लेख १९४१ चा, म्हणजे टाटा हॉस्पिटल उघडलं त्याच वर्षीचा. अमेरिका-युरोपात या तपासणीने मृत्यू खूप कमी केले. आपल्याकडे ती मोठ्या शहरांच्या पुढे फारशी गेलीच नाही. काचपट्टी वाचायला शिकलेलं माणूस लागतं आणि अशी माणसं तयार करायला खानोलकरांसारखे शिक्षक लागतात. ते एका देशाला पुरे पडण्याएवढे नव्हते.

बाल्टिमोरचा एक फेरा

खानोलकरांनी आणखी एक गोष्ट केली, ती म्हणजे मुलींना प्रयोगशाळेत घेतलं. १९४० च्या दशकात. सिरसाट यांचं नाव वर आलंच. दुसऱ्या कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, पुण्याच्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. २०२१ मध्ये गुगलने त्यांच्या वाढदिवशी डूडल केलं तेव्हा बऱ्याच मराठी घरांत त्यांचं नाव पहिल्यांदा पोहोचलं. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि मग त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या. आडनाव वाचून हसू नका, उच्चार खरंच तसा आहे.

गाय यांचं आयुष्य एकाच ध्यासात गेलं होतं. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवायच्या. १९५१ मध्ये त्यांना ते जमलं. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या होत्या, पाच मुलांच्या आईच्या. तिला न विचारता घेतलेल्या. त्या मरेनात. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही हेला या नावाने त्या वाढतायत. हेन्रिएटा स्वतः त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली, वय ३१. तिला झालेला कॅन्सर कोणता? गर्भाशयमुखाचा.

रणदिवे परत आल्या आणि त्यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. त्यांचा विषय मुख्यतः स्तनाचा कॅन्सर. उंदरांत हा कॅन्सर आईच्या दुधातून जाणाऱ्या विषाणूमुळे होतो, हे तेव्हा माहीत झालं होतं. विषाणू, हार्मोन आणि आनुवंशिकता यांचं एकमेकांशी काय नातं, यावर त्यांनी काम केलं. माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरमागे असा विषाणू सापडला नाही. पारशी बायकांच्या दुधातही तो शोधला गेला, सिरसाट त्या कामात होत्या, १९७१ मध्ये ते नेचरमध्ये आलं, पण पुढे ते टिकलं नाही. मात्र कॅन्सर विषाणूमुळे होऊ शकतो, हा विचार परळमध्ये रुजलेला होता. फक्त तो चुकीच्या अवयवात शोधला जात होता.

उत्तर आलं, पण

१९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना त्यांनी उभी केली. अणुकिरणांच्या परिणामांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत ते होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले, पद्मभूषण मिळालं. पदांची यादी लांब आहे, तिच्यात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

२९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. तेव्हा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे विषाणू असावा असं बऱ्याच जणांना वाटू लागलं होतं, पण मुख्य संशय हर्पीसवर होता. जर्मनीतले हाराल्ड त्सुर हाउसेन एकटेच दुसरीकडे बोट दाखवत होते. त्यांचं म्हणणं होतं की हा चामखिळीच्या घराण्यातला विषाणू असावा, ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. लोकांनी फार मनावर घेतलं नाही.

१९८३ मध्ये त्यांच्या गटाला कॅन्सरच्या तुकड्यांत एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार सापडला. पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. हा १८ कुठे निघाला माहितीये? हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींत. तीस-बत्तीस वर्षं जगभरच्या शास्त्रज्ञांच्या काचपात्रांत तो बसून होता. जगातले साधारण ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ मध्ये त्सुर हाउसेन यांना नोबेल मिळालं.

आता खानोलकरांचा तक्ता पुन्हा समोर ठेवा. एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून जोगिणींना हा कॅन्सर क्वचित. सुंता झालेल्या पुरुषांत हा विषाणू कमी टिकतो, २००२ मधल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हे दिसलं. त्यामुळे मुस्लिम बायकांत प्रमाण कमी आणि पुरुषांच्या लिंगाच्या कॅन्सरचंही तसंच. पारशी समाजात लग्नं उशिरा आणि मुलं कमी, दोन्ही गोष्टी धोका कमी करणाऱ्या. सगळे फरक केवळ विषाणूने सुटतात असं नाही, पण कोड्याचा गाभा तिथे होता.

चारित्र्याबद्दलही इथेच स्पष्ट बोलू. शरीरसंबंध ठेवणाऱ्या बहुतेक माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होऊन जातो. बहुतेकांचं शरीर एक-दोन वर्षांत तो घालवतं. आयुष्यभर एकाच पुरुषासोबत राहिलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, नवऱ्याकडून. तपासणीत विषाणू निघाला म्हणून त्यातून कोणाबद्दल काही सिद्ध होत नाही. तो कोणात टिकून राहिला, एवढंच बघायचं असतं.

बार्शीची गोष्ट

मुंबईत मांडलेल्या कोड्याचा पुढचा भाग महाराष्ट्रातच घडला, आणि तोही मुंबईत नाही. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक प्रचंड अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग दिसतो का ते बघण्याची पद्धत. चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच.

आठ वर्षांनी हिशोब झाला. नेहमीच्या सेवेतल्या सुमारे ३१ हजार बायकांत या कॅन्सरने ६४ जणी गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात, सुमारे ३४ हजारांत, ३४ जणी. म्हणजे एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे. ज्यांची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली त्यांच्यातली एकही या कॅन्सरने मेली नाही. २००९ मध्ये हे छापून आल्यावर जगभर तपासणीचे नियम बदलायला या अभ्यासाने मोठा हातभार लावला. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्हीची तपासणी पहिल्या पसंतीची मानते, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो असं सांगते.

या अभ्यासावर टीकाही झाली. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, ते ६४ मृत्यू कोणाच्या हिशोबात? अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं की तेव्हा खेड्यांत तशीही तपासणी नव्हतीच आणि या बायकांना माहिती दिली होती. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. पण त्या आकड्यांशिवाय आज आपल्याकडे सांगायला काही नसतं, हेही खरंच आहे.

आणि गोंदियात?

राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे ३० च्या पुढच्या बाईची दर पाच वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी व्हायला हवी, प्राथमिक आरोग्य केंद्रातच. मिनिटभरात होते, दुखत नाही. पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी, आणि गरज पडली तर तो भाग गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात. पिशवी काढावी लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. कागदावर हे सगळं आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या फक्त १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातली बाई धान रोवणीत असते, मग तेंदूत, मग कापणीत. तिला त्रास नसताना एक अख्खा दिवस मोडून केंद्रात जा म्हणणं, तेही पुरुष डॉक्टर असेल या धास्तीत, सोपं नाही. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कॅन्सरचे मोठे उपचार मात्र अजून नागपूर किंवा मुंबई. त्यामुळे नमुना घरी घ्यायचा आणि आशाताईंकडे द्यायचा ही पद्धत इथे कधी येते, याकडे माझं लक्ष आहे. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वस्तात बनवली आहे, ती मुलींना वयात येताना द्यायची असते. आज तिशी-चाळिशीत असलेल्या आयांना तिचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी तपासणीच.

टाटाचा संशोधनाचा मोठा भाग आता नवी मुंबईत खारघरला आहे, आणि तिथल्या प्रयोगशाळांच्या इमारतीचं नाव खानोलकर शोधिका. विदर्भ एक्स्प्रेसने आलेल्या काही पेशंटना परळहून तिकडेही पाठवतात. रिपोर्टची पिशवी सांभाळत, रिक्षावाल्याला पत्ता सांगत त्या तिथे पोहोचतात.